मैदान गावाचे, क्लब कोणाचा?

उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशात, डोंगरांच्या बेचक्यात एइबार नावाचे एक गाव आहे. लोकसंख्या साधारण 27 हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. बंदुका बनवणे हा या गावाचा जुना धंदा; पुढे त्याच कारागिरांच्या हातून शिलाई यंत्रे आणि सायकली घडल्या. 1940 साली दोन स्थानिक संघ एकत्र येऊन इथला फुटबॉल क्लब उभा राहिला आणि बंदूक कारागिरांचा संघ हीच त्याची ओळख बनली. 2014 च्या उन्हाळ्यात या क्लबने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले आणि रिआल माद्रिद, बार्सेलोना यांच्या बरोबरीने पहिल्या श्रेणीत खेळण्याचा हक्क कमावला. त्याच वेळी त्याच्यासमोर एक विचित्र पेच उभा राहिला. क्लबवर एका पैचे कर्ज नव्हते, पण कायद्याने ठरवलेल्या किमान भागभांडवलापेक्षा त्याचे भांडवल कमी होते. 6 ऑगस्टपर्यंत सुमारे 17 लाख 24 हजार युरो, तेव्हाच्या दराने जवळपास 14 कोटी रुपये उभे केले नाहीत, तर मैदानावर मिळवलेली बढती कागदावर हरवणार होती. एखाद्या श्रीमंताला बोलावून क्लब त्याच्या हवाली करणे हा सोपा मार्ग होता. क्लबने तो नाकारला. सामान्य लोकांना भाग विकायला काढले आणि एका व्यक्तीला एक लाख युरोंपेक्षा जास्त रकमेचे भाग मिळणार नाहीत, अशी मर्यादा घातली. तरुणपणी या संघाकडून खेळलेला झाबी आलोन्सो उघडपणे मोहिमेच्या पाठीशी उभा राहिला. गावातून आणि अनेक देशांतून हजारो लोकांनी भाग घेतले, रक्कम मुदतीत जमली, आणि 24 ऑगस्टला पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच सामन्यात एइबारने रिआल सोसिएदादला 1-0 असे हरवले.

हंगाम संपला तेव्हा एइबार अठराव्या स्थानावर होता, म्हणजे नियमाप्रमाणे पुन्हा खाली जाणार होता. पण त्याच्या वर, तेराव्या स्थानावर असलेल्या एल्चे क्लबची देणी थकली होती आणि त्यापायी त्यालाच खाली ढकलण्यात आले. एइबार वाचला आणि त्यानंतर 2021 पर्यंत, एकूण सात हंगाम, पहिल्या श्रेणीत टिकला. या घटनेतला योगायोग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्याचे मैदान मोठे, ज्याचा खर्च मोठा, तो घसरला. ज्याचे हिशेब स्वच्छ आणि मालकी पसरलेली, तो टिकला. फुटबॉलचे इतिहास बहुधा गोल, करंडक आणि थोर खेळाडू यांच्या भोवती लिहिले जातात. पण क्लब किती वर्षे जगणार, हे बऱ्याचदा त्याच्या मालकीवर ठरते. या प्रकरणाचे म्हणणे असे, की ज्या क्लबचे भवितव्य अनेकांच्या मतावर अवलंबून असते आणि ज्याच्या संचालकांना हिशेब चुकवता येत नाहीत, तोच दीर्घकाळ टिकतो. आणि महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. आपण ती फक्त खेळाला लावून पाहिलेली नाही.

स्पेनमध्ये मुळात जवळजवळ सगळे क्लब सभासदांचे होते. वर्गणी भरायची, सर्वसाधारण सभेत बसायचे, अध्यक्ष निवडायचा. 1980 च्या दशकात मात्र या व्यवस्थेतली फट उघडी पडली. निवडून आलेले संचालक लोकांच्या टाळ्यांसाठी महागडे खेळाडू घेत आणि कर्ज क्लबच्या माथी ठेवून निघून जात. कर्जाचे डोंगर झाले तेव्हा सरकारने 15 ऑक्टोबर 1990 रोजी नवा क्रीडा कायदा केला आणि व्यावसायिक क्लबांना भागधारकांच्या कंपनीत रूपांतरित होण्यास भाग पाडले. ज्यांचे आधीच्या वर्षांचे ताळेबंद शिलकी होते, त्यांनाच सभासदांचा क्लब म्हणून राहण्याची सवलत मिळाली. असे चारच निघाले: 1898 चा बिल्बाओचा अॅथलेटिक, 1899 चा बार्सेलोना, 1902 चा रिआल माद्रिद आणि पाम्पलोनाचा 1920 मध्ये स्थापन झालेला ओसासुना. बाकीचे कंपन्या झाले. कायद्यामागचा विचार सरळ होता: ज्याचा स्वतःचा पैसा अडकलेला असतो, तो जबाबदारीने वागतो.

पुढच्या तीन दशकांत हा विचार अर्धाच खरा ठरला. सांतांदेरचा जुना क्लब रेसिंग 2011 च्या जानेवारीत एका भारतीय उद्योजकाने विकत घेतला. मोठमोठ्या घोषणा झाल्या, पण पुढच्याच वर्षी संघ पहिल्या श्रेणीतून घसरला. जानेवारी 2014 मध्ये तर पगार थकलेल्या रेसिंगच्या खेळाडूंनी चषकाच्या सामन्यात शिट्टी वाजल्यावर मैदानाच्या मध्यभागी उभे राहून खेळायलाच नकार दिला. मालागा 2010 मध्ये कतारच्या एका शेखाच्या मालकीचा झाला. 2013 मध्ये तो चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि 2020 मध्ये न्यायालयाला त्याच्यावर प्रशासक नेमावा लागला. व्हॅलेन्सियाचे बहुसंख्य भाग 2014 मध्ये सिंगापूरच्या उद्योगपतीकडे गेले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे समर्थक मालकाविरुद्ध निदर्शने करत राहिले. या तिन्ही ठिकाणी समर्थकांच्या हातात घोषणा होत्या, मत नव्हते. मालकाचा पैसा अडकलेला असला म्हणजे त्याचा जीवही अडकलेला असतोच, असे नाही.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत रोव्हर्स चषक 1891 मध्ये सुरू झाला, म्हणजे बार्सेलोनाच्या जन्माच्या आधी आठ वर्षे. सुरुवातीची दशके लष्करी पलटणींची होती. 1937 मध्ये बंगळूर मुस्लिम्स हा पहिला भारतीय विजेता ठरला. पुढे कूपरेजच्या मैदानावर कंपन्यांचे आणि कार्यालयांचे संघ गाजले: टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, रेल्वे, एअर इंडिया. या संघांनी गरीब घरच्या कित्येक खेळाडूंना नोकरी दिली, हे त्यांचे मोठे काम मान्य करायलाच हवे. यातले सर्वांत उजळ नाव महिंद्रा. 1962 मध्ये स्थापन झालेल्या या संघाने पुढे महिंद्रा युनायटेड या नावाने 2003 आणि 2005 चा फेडरेशन चषक जिंकला, 2005-06 मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली; आणि 2009-10 चा हंगाम संपल्यावर कंपनीने संघ बंद केला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका निर्णयाने संपला. पुण्याची कहाणी आणखी थोडक्यात सांगता येते. 2007 मध्ये सुरू झालेला पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. 2015 मध्ये तो उरला नाही. भारत एफसी 2014-15 चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांनंतर, 2017 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. 2014 मध्ये अवतरलेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळला गेला आणि त्याचे बरेच खेळाडू हैदराबादच्या नव्या संघात गेले. एका शहरात चार व्यावसायिक संघ आले आणि बारा वर्षांच्या आत चारही गेले.

यात कोणी दुष्ट होते असे मानण्याची गरज नाही. कंपनीच्या दृष्टीने संघ हा जाहिरातीचा किंवा कर्मचारी कल्याणाचा खर्च असतो. धंद्याची दिशा बदलली, मंदी आली, नव्या अधिकाऱ्याला वेगळे काही करावेसे वाटले, की हा खर्च सर्वांत आधी कापला जातो. तो निर्णय ज्या खोलीत होतो, तिथे समर्थकाला खुर्ची नसते. गोव्यातही हेच दिसले. धेंपो क्लबने 2004-05 ते 2011-12 या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, पण 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा हे तिघेही भारतीय फुटबॉलच्या नव्या रचनेला विरोध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांची तक्रार रास्त असेलही. तरी बाहेर पडायचे की लढायचे, हे गॅलरीत बसणाऱ्या गोवेकराला कोणी विचारले नाही.

याच महाराष्ट्रात एका शहराने वेगळे चित्र उभे केले आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे केले, आणि पेठापेठांतल्या तालमी हे त्या त्या वस्तीचे केंद्र बनले. पुढे या तालमींनी फुटबॉलही आपला केला. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि आज शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडीचे क्रीडा मंडळ असे संघ एकमेकांशी भिडतात तेव्हा गॅलरी भरलेली असते. विश्वचषकाच्या काळात मेस्सी-रोनाल्डोचे कटआउट या शहराच्या चौकाचौकांत लागतात, पण हंगामात जीव अडकलेला असतो तो आपल्या पेठेच्या जर्सीत. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. या संघांमागे मुंबईपुण्याच्या संघांइतका पैसा कधीच नव्हता. तरी ते टिकले, कारण तालीम बंद करण्याचा अधिकार कोणा एकाच्या खिशात नाही. पेठ आहे तोवर तालीम आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. टिकून काय साधले? महिंद्राने देशाचे विजेतेपद मिळवले. कोल्हापूरच्या एकाही तालमीने ते मिळवलेले नाही. शंभर वर्षे गल्लीत खेळण्यापेक्षा पाच वर्षे शिखरावर खेळणे चांगले, असे कोणी म्हणेल. यावर उत्तर असे, की हा पर्याय मुळातच खोटा आहे. बिल्बाओचा अॅथलेटिक क्लब सभासदांचा आहे आणि बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडूच तो घेतो. एवढे हात बांधून घेऊनही 1929 मध्ये सुरू झालेल्या स्पॅनिश लीगमधून तो आजवर एकदाही खाली घसरलेला नाही. हा मान त्याच्याखेरीज फक्त रिआल माद्रिद आणि बार्सेलोनाला आहे. 2024 मध्ये त्याने चाळीस वर्षांनी राजाचा चषक पुन्हा जिंकला. म्हणजे वस्तीची मालकी आणि वरचा दर्जा यांत वैर नाही. कोल्हापूरला उणीव आहे ती निष्ठेची नव्हे, त्या निष्ठेचे रूपांतर भांडवलात करणाऱ्या व्यवस्थेची. देणगी, बक्षिसाची रक्कम आणि एखाद्या पुढाऱ्याचा आधार यांवर हंगाम निघतो, पण अकादमी, वर्षभराचा प्रशिक्षक आणि खेळाडूंचे करार त्यावर उभे राहत नाहीत.

आणि नेमकी ही व्यवस्था मराठी माणसाने एका वेगळ्या क्षेत्रात उभी करून दाखवली आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1948 मध्ये नोंदला गेला आणि 1950-51 च्या हंगामात त्याने गाळप सुरू केले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तेव्हा जे सिद्ध केले, ते साखरेपुरते नव्हते: छोट्या शेतकऱ्यांचे छोटे भाग एकत्र आले, तर जे एकट्या सावकाराला जमेल असे वाटते ते गावालाही जमते. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीच्या माणसाला हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट त्याच्या गावातच आहे. भाग म्हणजे काय, सर्वसाधारण सभेत अहवालावर प्रश्न कसा विचारायचा, पॅनल कसे बांधले जाते, एका सभासदाला एकच मत असते मग त्याचा ऊस दोन एकर असो वा वीस, हे सारे त्याला ठाऊक असते. बिल्बाओ किंवा पाम्पलोनाच्या क्लबचे कामकाज त्याला समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतील. सहकार आणि लोकांचा क्लब एकत्र दिसणे हा बास्क प्रदेशातही योगायोग नाही. एइबारपासून जवळच्याच माँद्रागोन गावात 1956 मध्ये जगप्रसिद्ध कामगार-सहकाराची सुरुवात झाली. जिथे लोकांना मिळून मालकी करण्याची सवय असते, तिथे क्लबही मिळून चालवला जातो.

दुसरा आक्षेप याच्याच पोटातून निघतो. सहकाराचा दाखला कोणत्या तोंडाने द्यायचा? कारखाने आजारी पडले, काही कवडीमोलाने विकले गेले, आणि 2011 मध्ये राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळच रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बरखास्त झाले. सभासदांचे क्लबही धुतल्या तांदळासारखे नाहीत. बार्सेलोनाचे कर्ज 2021 मध्ये 135 कोटी युरो असल्याचे त्याच्या अध्यक्षानेच सांगितले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मेस्सीला तिथून जावे लागले. रिआल माद्रिदमध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी वीस वर्षांचे सभासदत्व आणि स्वतःच्या संपत्तीच्या बळावर भलीमोठी बँक हमी अशा अटी 2012 मध्ये आल्या, आणि फ्लोरेंतिनो पेरेझ 2013, 2017, 2021 आणि 2025 मध्ये बिनविरोध निवडून आले. बिनविरोध निवडणुकीचा खरा अर्थ मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, पण त्याच्यातून निष्कर्ष काय काढायचा, हे नीट पाहिले पाहिजे. बार्सेलोनाच्या सभासदांनी 2020 मध्ये वीस हजारांहून अधिक सह्या गोळा करून अध्यक्षाविरुद्ध अविश्वासाची प्रक्रिया सुरू केली. मतदानाआधीच, 27 ऑक्टोबरला, त्याने राजीनामा दिला आणि पुढच्या मार्चमध्ये नवा अध्यक्ष निवडला गेला. व्हॅलेन्सियाचा समर्थक हे करू शकत नाही. रोग दोन्हीकडे होतो. औषध घेण्याचा अधिकार एकीकडेच आहे.

शिवाय स्पेनने नुसत्या निवडणुकीवर भिस्त ठेवली नाही. 1990 च्या कायद्याने सभासदांच्या क्लबच्या संचालकांना खर्चाच्या अंदाजपत्रकाच्या 15 टक्के रकमेची बँक हमी द्यायला लावली, म्हणजे उधळपट्टीची झळ त्यांच्या घरापर्यंत पोहोचावी. 2013 पासून लीगने प्रत्येक क्लबच्या उत्पन्नाच्या प्रमाणात संघावरच्या खर्चाची मर्यादा आधीच ठरवून द्यायला सुरुवात केली. मेस्सी गेला तो याच मर्यादेमुळे. जगातल्या सर्वांत लोकप्रिय खेळाडूसाठीही नियम वाकला नाही, आणि बार्सेलोना मात्र राहिला. आपल्या सहकाराचे नेमके इथेच बिघडले. मताचा हक्क दिला, पण हिशेबाचा धाक ठेवला नाही. दोष सामुदायिक मालकीचा असता, तर बिल्बाओही बुडाला असता.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. फुटबॉल जागतिक धंदा झाला आहे. गावाने वर्गणी काढून काय होणार, असे म्हटले जाते. पुरावा म्हणून मुंबई सिटीकडे बोट दाखवता येते. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये या क्लबचे 65 टक्के भाग घेतले आणि 2020-21 मध्ये सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली मुंबईने इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) साखळीचे अव्वल स्थान आणि अंतिम विजेतेपद दोन्ही मिळवले. याच ग्रुपकडे स्पेनच्या जिरोना क्लबचाही मोठा हिस्सा आहे आणि जिरोना 2023-24 मध्ये ला लीगात चक्क तिसरा आला. पैसा आणि जाणकारी आली की यश येते, यात वाद नाही. पण त्या यशाची दोरी दुसऱ्याच्या हातात असते. जिरोनाला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळता यावे म्हणून ग्रुपला आपले भाग तात्पुरते विश्वस्तांकडे सोपवावे लागले, कारण एकाच मालकाचे दोन संघ एका स्पर्धेत चालत नाहीत. आणि आपल्या देशातली सगळी वरची लीग एका कराराच्या आधारे उभी होती. तो करार संपत आला, नवा ठरेना, तेव्हा जुलै 2025 मध्ये आयएसएलचा हंगामच रोखून धरण्यात आला आणि क्लबांना खेळाडूंच्या पगाराची चिंता पडली. त्याही वर्षी कोल्हापूरच्या पेठांना आपला संघ राहील की नाही, हा प्रश्न पडला नाही.

वस्तीची मालकी म्हणजे संकुचितपणा, हा शेवटचा आक्षेपही घेतला जातो. पेठेपेठेतली खुन्नस स्टेडियमबाहेर रस्त्यावर उतरते, हे त्याचे उदाहरण. पण मालकी स्थानिक असली म्हणून दारे बंद असावी लागत नाहीत. एइबारचे भागधारक जगभर आहेत आणि ताकाशी इनुई हा जपानी खेळाडू तिथल्या प्रेक्षकांचा लाडका होता. कोल्हापूरच्या तालमींनीही नायजेरियाच्या खेळाडूंना आपल्या जर्सी दिल्या आहेत. भांडण होते ते केवळ समर्थक असलेल्यांचे. जो सभासद असतो, ज्याच्या नावावर दंडाचा आणि बंदीचा वाटा येतो, तो दगड उचलण्याआधी दोनदा विचार करतो.

तीर्थपुरीसारख्या गावात आज व्यावसायिक फुटबॉल नाही आणि तो उद्या यावा, असा हट्टही नाही. खेळ कबड्डी असू शकतो, कुस्ती असू शकते. पाचशे माणसांनी हजार हजार रुपयांचा भाग घेतला, तर पाच लाख रुपये उभे राहतात. एका मैदानाची देखभाल आणि एका प्रशिक्षकाचा वर्षाचा पगार त्यातून निघतो. मात्र नोंदणी करताना चार अटी घटनेत लिहून घ्याव्यात: एका माणसाने किती भाग घ्यावेत याला मर्यादा, एका सभासदाला एकच मत, दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासलेले आणि सभेत वाचून दाखवलेले हिशेब, आणि जमेपेक्षा जास्त खर्च केल्यास संचालकांवर वैयक्तिक जबाबदारी. यातली एक जरी अट सुटली, तरी क्लब आज ना उद्या कोणा एकाचा होईल, आणि जो एकाचा असतो तो त्या एकाबरोबरच संपतो.